मुक्या जनावराचा धनी

आपला बैल मारका आहे हें ठाऊक असून धन्यानें त्यास आवरिलें नाहीं, तर दोष धन्यावर येतो, असें मोशेचें नियमशास्त्र निर्गमाच्या २१ व्या अध्यायांत ठरवितें. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेचें कलम २९१ हेंच तत्त्व मानून कैदेची किंवा दंडाची शिक्षा सांगतें.

तर मग चावरें कुत्रें जन्मभर सांखळीस बांधावें काय? बंधूंनो, तसें नव्हे. कुत्रें सदोदित बांधून ठेवणें, जनावरास उपाशी अथवा तान्हेलें ठेवणें, हाही १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें अपराध मानिला. पहिल्या अपराधास दंड दहा ते पन्नास रुपये ठरविला. दंड अल्प म्हणून पापही अल्प, असें आम्हीं समजूं नये. शेजाऱ्याचें लेंकरूं आणि दारचें मुकें जनावर, ह्या दोघांचाही हिशेब देव धन्याजवळच मागेल.