घोड्यावरचं बिऱ्हाड

दिवाळीच्या सुमारास देशावरचे अनेक मेंढपाळ धनगर बायकामुलांसह घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याआधी परततात, कारण कोकणातला मुसळधार पाऊस मेंढ्यांना सोसत नाही. घोड्यावर भांडीकुंडी, अंथरुणं, कोंबड्या, कधी लहानगं मूलही. मुक्काम बदलतो, पण प्रत्येक शेतात चूल मांडली जाते, ज्याचं काम तोच करतो, आणि शेतात मेंढ्या बसवण्याच्या बदल्यात धान्य देणाऱ्या शेतकऱ्याशी जुळलेली ओळख पुढच्या पिढीपर्यंत टिकते. घर उभं राहतं ते या जबाबदाऱ्यांवर आणि या शेजारावर, असं मला ठामपणे वाटतं.

कोणी म्हणेल, ही हौस नव्हे, चाऱ्यासाठीची वणवण आहे. तिचं कौतुक कसलं? आक्षेप खरा आहे. मुलांची शाळा तुटते, आजारपण वाटेतच काढावं लागतं, चराऊ रानं घटत चालली आहेत. पण म्हणून हे कुटुंब बेघर ठरत नाही. त्याचं चालतं घर आपण घर मानलं, तर सोयींनी त्याच्या वाटेवर यायचं, ही मागणी हक्काची होते. रेशनकार्ड आता देशभर चालतं; शाळाही मुक्कामागणिक या मुलांसोबत चालली पाहिजे.