आचेची मात्रा आणि अधिकारभेद

एकच साधना सर्व माणसांना सारख्याच तीव्रतेने मानवते का, हा भारतीय अध्यात्मविचारातील जुना प्रश्न आहे; आणि चुली-गॅसशेजारी मायक्रोवेव्ह येऊन बसलेल्या जालना जिल्ह्यातील स्वयंपाकघरात तो ‘पॉवर लेव्हल’च्या, म्हणजे आचेच्या पातळीच्या निवडीतून रोज नव्याने समोर येतो.

या यंत्रातील मॅग्नेट्रॉन, म्हणजे सूक्ष्मलहरी निर्माण करणारी नळी, बहुतेक साध्या यंत्रांत मंद होतच नाही. पातळी ५० टक्क्यांवर ठेवली असता ती निम्मा वेळ पूर्ण जोराने चालते व निम्मा वेळ बंद राहते. जोर खरोखर कमी होतो तो केवळ इन्व्हर्टर पद्धतीच्या यंत्रांत. नळी बंद असताना कडेची उष्णता आत झिरपते, म्हणून जाड पदार्थाचा गाभा तापणे बऱ्याच अंशी या विरामावर अवलंबून असते. चहाचे पाणी पूर्ण पातळी सहज सोसते. दूध मात्र तिच्यावर पाहता पाहता उतू जाते, आणि कालची भाकरी चिवट होते, म्हणून ती ओलसर फडक्यात गुंडाळून मध्यम पातळीवर थोडाच वेळ ठेवावी लागते. सर्वांत बोधप्रद उदाहरण गोठलेल्या पदार्थाचे आहे, कारण बर्फ या लहरी फारच कमी शोषतो व पाणी भरपूर शोषते. परिणामी कडेला थोडे पाणी सुटले की उष्णता तिथेच ओढली जाते, कड शिजून निघते आणि गाभा गोठलेलाच राहतो. त्यासाठी ३० टक्क्यांच्या आसपासची पातळी योग्य ठरते.

साधनेच्या आचेचाही असाच विचार झालेला आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात तीव्र संवेगाच्या, म्हणजे उत्कट ओढीच्या साधकाला समाधी जवळ असते असे सांगितले, पण लगेच त्या ओढीचेही मृदू, मध्य व अधिमात्र, म्हणजे अतितीव्र, असे भेद मानले. चरकसंहितेतील स्नेहपाकाचा, म्हणजे औषधी तेल-तूप सिद्ध करण्याचा विचार याहून नेमका आहे: मृदू पाक नस्यासाठी, म्हणजे नाकात घालण्यासाठी, मध्यम पाक पिण्यासाठी व बस्तीसाठी, म्हणजे गुदमार्गे देण्यासाठी, आणि खर, म्हणजे कडक पाक अभ्यंगासाठी, म्हणजे अंगाला चोळण्यासाठी. येथे मृदू पाक हा अपुरा राहिलेला खर पाक नव्हे, त्याचे प्रयोजनच वेगळे आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात देहाला पीडा देणाऱ्या हट्टी तपाला तामस ठरवले आहे, तेही याच दृष्टीने महत्त्वाचे.

याच जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी, परंपरेनुसार, नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे कठोर तप केले आणि पुढील बारा वर्षे तीर्थाटनात घालवली. ज्यांनी अधिमात्र साधना स्वतः आचरली, त्यांच्याच दासबोध या ग्रंथात विवेकावर आणि प्रसंग ओळखण्यावर सतत भर असावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आपल्याला सोसलेली आच सर्वांना सोसेल असे त्यांनी गृहीत धरलेले दिसत नाही.

साधकाच्या सामर्थ्यानुसार साधना वेगळी असावी, या तत्त्वाला शास्त्रात अधिकारभेद म्हणतात. मात्र शतकानुशतके हेच तत्त्व जन्मावरून माणसांना ज्ञानापासून दूर ठेवण्यासाठी वापरले गेले, आणि हा त्याचा उघड विपर्यास होता. पदार्थाची पातळी त्यातील पाणी, जाडी आणि तो या क्षणी गोठलेला आहे की मोकळा यांवरून ठरते, तो कोणत्या घरातून आला यावरून नव्हे. शिवाय गोठलेला पदार्थ सुटा झाला की त्याची पातळी बदलावीच लागते. म्हणून अधिकारभेद स्वीकारायचा असेल तर तो याच रूपात स्वीकारता येईल: साधकाची आजची अवस्था पाहून, ती बदलताच पुन्हा पाहून, आणि कोणालाही कायमचे ‘मंद’ न ठरवता. जन्मावर आधारलेला अधिकारभेद मात्र टाकूनच द्यायला हवा.