दोन सैन्यांच्या मध्ये

नेवाडाच्या वाळवंटात, लास व्हेगासच्या वायव्येला साधारण सत्तर किलोमीटरवर, क्रीच हा अमेरिकेचा हवाई तळ आहे. इथे खुर्चीत बसून वैमानिकांनी आधी प्रीडेटर आणि मग रीपर ही मानवरहित विमाने अफगाणिस्तान-इराकच्या आकाशात चालवली. पाळी संपली की माणूस गाडी काढून घरी जातो. मारणारा स्वतः पूर्ण निर्धास्त असेल, तर त्या मारण्याला युद्ध म्हणता येईल का? माझ्या मते नाही. आणि म्हणून योद्ध्याला मिळणारी सूटही त्याला मागता येणार नाही.

योद्ध्याला दुसऱ्याचा जीव घेण्याची मुभा मुळात मिळते कुठून? भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्ष नियम ठरवतात: रथीने रथीशी लढावे, बेसावध, निःशस्त्र किंवा पाठ फिरवलेल्या माणसावर घाव घालू नये. समोरचाही मला मारू शकतो, हे त्यामागचे गृहीत. गीताही दोन सैन्यांच्या मध्ये उभ्या रथात सांगितली गेली. ‘लढ’ हा उपदेश ज्याला झाला, तो शत्रूच्या बाणांच्या टप्प्यात होता. हा तपशील मला उपदेशाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण स्वतःचा देह पणाला लागल्यानेच योद्धा मारेकऱ्यापासून वेगळा ठरतो. दूरवरचे पाहणारी दृष्टी व्यासांनी संजयाला दिली, पण ती युद्ध सांगण्यासाठी. क्रीचमध्ये संजयाची दृष्टी आणि अर्जुनाचे धनुष्य एकाच माणसाच्या हाती आले आहे. कुरुक्षेत्रावर उभे राहणे तेवढे सुटले.

कोणी म्हणेल, बाणही लांबूनच लागतो, तोफ तर कित्येक कोसांवरून. आणि भीष्म, द्रोण, कर्ण कुठे नियमाने पडले? खरे आहे. पण ते वध महाभारताला आजवर टोचत राहिले आहेत, आणि तोफ डागणाऱ्यापर्यंत शत्रूची तोफ पोचू शकते. आक्षेप अंतराला नाही, एकतर्फी अभयाला आहे. याहून भारी मुद्दा ब्रॅडली स्ट्रॉसर या तत्त्वज्ञाने २०१० मध्ये मांडला: काम न्याय्य असेल आणि ते सैनिकाचा जीव धोक्यात न घालता होत असेल, तर त्याला उगाच धोक्यात लोटणे हेच अनैतिक. हे मला मान्य आहे; आपल्या पोराला विनाकारण मरणाच्या तोंडी द्या असे कोणता धर्म सांगेल? पण त्यातून मारणाऱ्याची जबाबदारी हलकी होत नाही, वाढते. रणांगणावर सैनिकाचा नेम चुकीच्या माणसाला लागला तर आपण त्याला क्षमा करतो, कारण क्षणभर थांबला असता तर तोच मेला असता. क्रीचच्या खुर्चीत ही सबब उरत नाही.

२१ फेब्रुवारी २०१० रोजी अफगाणिस्तानच्या उरुझगान प्रांतात तीन गाड्यांच्या ताफ्यावर क्रीचहून चालवलेले प्रीडेटर कित्येक तास नजर ठेवून होते. गाड्यांत बायका-मुले होती. मुले दिसत असल्याची शंका बोलून दाखवली गेली आणि बोलण्या-बोलण्यातच विरली. हेलिकॉप्टरांनी मारा केला. अमेरिकी चौकशीच्या हिशेबानेच २३ पर्यंत नागरिक मेले, आणि चुकीची माहिती पुरवल्याचा ठपका प्रीडेटरच्या चमूवर आला. जमिनीवर अमेरिकी तुकडी होती, तिचे रक्षण करायचे होते, असे उत्तर यावर मिळते. तुकडीची भीती खोटी नव्हती, पण ताफा तिच्यापासून कित्येक किलोमीटर दूर होता, आणि पडद्यासमोरच्या माणसांकडे तास होते. पडद्यासमोर बसणाऱ्यांना मन नसते असे मी म्हणत नाही. त्यांनाही मनोविकार जडतात. मात्र न्यायाधीशाइतकी सुरक्षितता आणि उसंत ज्याला मिळाली, त्याच्याकडून खात्रीही न्यायाधीशाइतकीच मागितली पाहिजे. नाव-गाव ठाऊक नसताना केवळ हालचालींच्या धाटणीवरून माणसे मारण्याची जी पद्धत अमेरिकेने पाकिस्तानात आणि येमेनमध्ये वापरली, ती या कसोटीवर कुठेच उतरत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने रीपरच्याच कुळातली ३१ एमक्यू-९बी विमाने घेण्याचा करार केला. उद्या त्या खुर्चीत आपल्यातलाच कोणी बसेल. समोरच्याची ओळख पटल्याशिवाय शस्त्र सोडायचे नाही, आणि चूक झाली तर तिची उघड चौकशी होईल, हे त्याला ती विमाने येण्याआधी लेखी मिळाले पाहिजे. ही मागणी आपण नागरिकांनी आत्ताच करायला हवी.