पिशवी काढल्यानंतर

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातली तिशी-पस्तिशीची बाई ‘पिशवी काढली’ असे सांगते तेव्हा तिच्या बोलण्यात बहुधा सुटकेचा सूर असतो. पाळीची कटकट गेली, अंगावरून जाणे थांबले, डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती संपली आणि मुख्य म्हणजे खाडा टळला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन वाड्या-तांड्यांवरून जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातल्या एकाने दिवस बुडवला, म्हणजे खाडा केला, तर दंड उचलीच्या हिशेबात चढतो. पाळीच्या चार दिवसांत फडात उभे राहायचे, तळावर संडास नाही, पाणी लांबून आणायचे. अशा जगण्यात गर्भाशय नकोसे वाटणे समजण्यासारखे आहे. ते काढल्यावर शरीरात पुढे काय होते, हे मात्र तिला कुणी सांगितलेले नसते.

या शस्त्रक्रियांची चर्चा महाराष्ट्रात झाली. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या बातम्यांनंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्याच दशकातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. पुढे केंद्राने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्व राज्यांना लागू करायला सांगितल्या. बीडची पाहणी बीडपुरती होती. पण मुकादम, उचल आणि कोयता यांना जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. परभणीतून निघणाऱ्या टोळ्यांचे जगणे काही वेगळे नाही.

या साऱ्या प्रयत्नांचा रोख पुढची शस्त्रक्रिया टाळण्यावर आहे आणि तो योग्यच आहे. माझा प्रश्न ज्यांची आधीच झाली त्यांचा आहे. अहवालात त्या एक आकडा होऊन राहिल्या. त्यांच्या शरीरात मात्र एक संथ प्रक्रिया रोज चालू आहे. तिच्यावरचे उपाय बऱ्याच अंशी माहीत आहेत, आणि तरी ते या बायकांपर्यंत आलेले नाहीत. माझ्या मते हे अपयश औषधशास्त्राचे कमी आणि वैद्यकीय संशोधन कुणाला डोळ्यांसमोर ठेवून होते याचे जास्त आहे.

गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली तर इस्ट्रोजेन काही दिवसांतच तळाला जाते. अंडाशये ठेवली तरी रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येण्याची शक्यता वाढते. योनीचे अस्तर, मूत्रमार्ग, मूत्राशयाचा तळ हे भाग इस्ट्रोजेनवर पोसलेले असतात. इस्ट्रोजेन आटले की अस्तर पातळ होते, पेशींमधले ग्लायकोजेन कमी होते, त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू नाहीसे होतात आणि तिथली संरक्षक आम्लता जाते. मग कोरडेपणा, आग, संबंधाच्या वेळी वेदना, लघवीला दम न धरणे आणि वारंवार जंतुसंसर्ग. अंगातून वाफा निघण्याचा त्रास बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांनी ओसरतो. योनीमार्गाचा हा शोष मात्र उपचाराशिवाय सहसा हटत नाही, उलट वाढत जातो. शहरातल्या पन्नाशीच्या बाईला तो त्रास देतोच. तिशीत तो सुरू झालेल्या आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यावर ओटीपोटाचा ताण येतो. शिवाय लघवीला जायला आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणीच कमी पिते.

दवाखान्यात ती ‘उन्हाळी लागली’ एवढेच सांगते. बाकीचे सांगण्याजोगे आहे असे तिला वाटत नाही, आणि विचारणारेही कुणी नसते. तिला पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळतात, बरे वाटते, महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच. फडातून ती तिसऱ्याच जिल्ह्यातल्या डॉक्टरकडे जाते, तिथे नवी चिठ्ठी आणि जास्त ताकदीची गोळी. आम्लता मोजायची कागदाची पट्टी अगदी स्वस्त असते. ती योनीच्या भिंतीला क्षणभर टेकवली आणि रंगावरून पीएचचा आकडा पाचाच्या वर, म्हणजे आम्लता गेलेली दिसली, तर ‘पिशवी कधी काढली? अंडाशये ठेवली का?’ हा पुढचा प्रश्न आपोआप सुचायला हवा. ही तपासणी करायला शहरातली प्रयोगशाळा लागत नाही, उपकेंद्रातली सिस्टर ती शिकू शकते.

इस्ट्रोजेनची ही उणीव योनीत औषध लावून भरून काढता येते, आणि याचा पुरावा जुना आहे. 1993 साली राझ आणि स्टॅम यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या, पाळी गेलेल्या 93 स्त्रियांपैकी काहींना एस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनचे योनीत लावायचे मलम दिले, बाकीच्यांना औषध नसलेले तसेच मलम. औषधाच्या गटात वर्षाकाठी दर स्त्रीमागे संसर्गाचे प्रमाण 0.5 होते, दुसऱ्या गटात 5.9. महिन्याभरात औषध घेणाऱ्यांपैकी 61 टक्के जणींमध्ये लॅक्टोबॅसिलस परतले होते, दुसऱ्या गटात एकीमध्येही नाही. इतका ठळक फरक वैद्यकीय चाचण्यांत क्वचित दिसतो. त्यानंतर जन्मलेल्या मुली आज ऊस तोडत आहेत.

पुढच्या संशोधनाने चित्र थोडे गुंतागुंतीचे केले, तेही इथे सांगायला हवे. 2018 साली अमेरिकेत 302 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत इस्ट्रोजेनची योनीत ठेवायची गोळी, ओलावा टिकवणारे जेल आणि दोन्ही नकली, असे तीन गट होते. बारा आठवड्यांनी सर्वांनाच आराम पडलेला दिसला, गटागटांत म्हणावा तसा फरक नव्हता. कोरडेपणापुरते साधे जेलही बऱ्याच जणींना पुरते, असा याचा अर्थ मी घेतो. पण त्या स्त्रियांचे सरासरी वय 61 होते. तिशीत अंडाशये गमावलेल्या आणि दिवसभर फडात राबणाऱ्या बाईबद्दल ती चाचणी काय सांगते? फारसे नाही. लेझरचा निकाल अधिक स्पष्ट आहे. शोषावर उपाय म्हणून जगभर महागडे लेझर विकले जात असताना 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, आणि 2021 साली सिडनीच्या चाचणीत खरे लेझर आणि नुसता देखावा यांत वर्षभरानंतर फरक आढळला नाही. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण ज्या बाजाराने पिशव्या काढून पैसा केला तोच उद्या ‘पिशवीनंतरच्या उपचारां’ची शिबिरे भरवू शकतो.

इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांच्या भीतीची गोष्टही तपासायला हवी. 2002 साली अमेरिकेतली विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह ही मोठी चाचणी स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसल्याने थांबवली गेली आणि जगभर डॉक्टरांनी हात आखडता घेतला. ती इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र देण्याची शाखा होती. गर्भाशय काढलेल्या 10,739 स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन देऊन पाहणारी दुसरी शाखा 2004 पर्यंत चालली. तिच्यात पक्षाघाताचा धोका वाढला, पण स्तनाचा कर्करोग वाढला नाही. दोन्ही शाखांतल्या स्त्रिया 50 ते 79 वयाच्या होत्या. त्यांच्यावरून निघालेली भीती बत्तीस वर्षांच्या बाईला लावणे चूक आहे. नैसर्गिक वयाच्या फार आधी अंडाशये गेलेल्या स्त्रीला, खास मनाई नसेल तर, साधारण रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक द्यावे असेच आजच्या मार्गदर्शिका सांगतात. तिच्या हाडांचा आणि हृदयाचाही प्रश्न असतो आणि तो योनीतल्या मलमाने सुटत नाही. औषध जिंतूरपर्यंत पोचले नाही, त्याची भीती मात्र पोचली.

बाईला विचारले तर काय हाती लागते, हे याच महाराष्ट्रात एकदा दिसले आहे. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या आणि 1989 साली ते संशोधन लॅन्सेटमध्ये आले. 92 टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी जेमतेम आठ टक्के जणींची झालेली होती. त्या कामाने गावातल्या बाईच्या शरीराकडे बाळंतपणापलीकडे पाहायला भाग पाडले. ऊसतोड बाईच्या बाबतीत तेच पाऊल आणखी पुढे टाकायला हवे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आधी तळावर संडास द्या, खाड्याचा दंड बंद करा, शस्त्रक्रिया थांबवा. मलम म्हणजे अन्यायावरची मलमपट्टी. त्यातल्या मागण्यांशी मी पूर्ण सहमत आहे. पण चाळिशीच्या आत हे सारे भोगून बसलेल्या बाईला व्यवस्था सुधारेपर्यंत आग सोसत थांबायला सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. शिवाय तिच्या त्रासाची शास्त्रशुद्ध नोंद हाच अनावश्यक शस्त्रक्रियेविरुद्धचा सर्वांत पक्का पुरावा ठरेल. ‘पिशवी काढली की सुटलीस’ असे सांगणाऱ्याला दहा वर्षांनंतरची हकिगत दाखवता येईल.

परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तालुक्या-तालुक्यांत आशा सेविका आहेत. इथे चाचणी उभी करता येईल. ती नुसत्या नकली मलमाशी तुलना करणारी नसावी. वारंवार संसर्ग होणाऱ्या बाईला ज्ञात उपाय नाकारणे अनैतिक होईल. स्वस्त जेल, एस्ट्रिऑलचे मलम, आणि लवकर अंडाशये गेलेल्यांसाठी संप्रेरकाच्या गोळ्या, यांतले कुणाला काय आणि किती काळ लागते, हे शोधावे. कर्करोगाचा इतिहास किंवा पाळी गेल्यावरचा रक्तस्राव असेल तर आधी तपासणी व्हावी. वेळापत्रक मात्र बाईच्या वर्षावर बसवावे लागेल. टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तेव्हा नोंदणी केली तर बारा आठवड्यांची पहिली तपासणी पावसाळ्यात, ती घरी असतानाच होते. मलमाची नळी फ्रीजशिवाय राहते, पण हात धुवायला स्वच्छ पाणी लागते, म्हणून फडातल्या पाण्याची सोय हाही चाचणीचाच भाग धरावा आणि त्याचा खर्च साखर कारखान्याने उचलावा. हंगामातला पाठपुरावा कारखान्याच्या गावातल्या आशाकडे सोपवायचा, तर दोन जिल्ह्यांत चालणारे एकच कार्ड लागेल. त्यावर पहिल्या ओळीत शस्त्रक्रियेचे वर्ष आणि अंडाशये ठेवली की काढली, एवढे तरी लिहिलेले असावे. आज अनेकींना आपल्या पोटातून नेमके काय काढले, हेच माहीत नाही.