माईक कुणाचा बंद करायचा?

भाची एका मराठी वृत्तवाहिनीत आहे. संध्याकाळच्या चर्चेला पाहुणे जमवते. रविवारी बोरीवलीच्या नॅशनल पार्कात, गांधी टेकडीच्या चढावर, मीच विषय काढला.

मी : प्रवक्ता विष ओकतोय आणि अँकर ढिम्म! न्या. के. एम. जोसेफ सर्वोच्च न्यायालयात २०२२ मध्येच म्हणाले होते, द्वेषाची भाषा होऊ न देणं हे अँकरचं कर्तव्य आहे. सरळ माईक बंद करावा.

भाची : कुणाचा, ते त्यानंच ठरवायचं?

मी : खोटं बोलेल त्याचा.

भाची : लाइव्हमध्ये? आकडा तपासायला वेळ कुठे असतो? कानात प्रोड्युसर ओरडतोय, ‘चालू दे, चालू दे’. अशा वेळी अँकर खोटं बोलणाऱ्याला तोडत नाही. त्याला आधीपासून जो खोटारडा वाटतो, त्याला तोडतो.

मी : आयबीएन लोकमतवर निखिल वागळे तोडायचेच की. भल्याभल्यांना घाम फुटायचा.

भाची : तुला नको असलेल्यांना फुटायचा, म्हणून तू खूश. आज दुसरे तेच करतात तर तो उद्धटपणा!

मी : फरक आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये शिवसैनिकांनी विक्रोळीत त्याच वाहिनीचं ऑफिस फोडलं. बलवानाला तोडण्याची किंमत मोजावी लागते.

भाची : तेव्हा शिवसेना राज्यात विरोधी पक्षात होती, मामा.

मी : बळ काय फक्त मंत्रालयात असतं?

भाची : नसतं. मग बळ कुणाकडे आहे, हेही अँकरनंच ठरवायचं. आलो ना फिरून तिथंच?

इथं मला चढाचा दम लागला. निदान तिला मी तसं सांगितलं.

मी : म्हणजे इंडिया आघाडीनं सप्टेंबर २०२३ मध्ये १४ अँकरांवर बहिष्कार टाकला, तेच बरोबर.

भाची : खुर्ची रिकामी राहत नाही रे. नावाखाली ‘राजकीय विश्लेषक’ अशी पट्टी लावून कुणीतरी बसतंच. त्याला बोलावतात तेच मार खायला. आणि तू रात्रीचं भांडण बघतोस. खरं काम दुपारच्या मीटिंगमध्येच उरकलेलं असतं. ‘अमुक नेता गद्दार की निष्ठावंत?’ हा प्रश्न एकदा ठरला की अँकर संत असून उपयोग काय? पाणी, लोकलची गर्दी हे विषय पडतात, कारण त्यावर हमरीतुमरीवर येणारे दोन प्रवक्ते मला मिळत नाहीत.

मी : अँकर तो प्रश्न बदलू शकत नाही?

भाची : नवखा नाही. ज्याच्या नावावर शो चालतो, तो बदलू शकतो. बदलत नाही.

मी : मग त्याला धरा ना!

भाची : धरते की. पगार झाल्यावर.

तिचा फोन वाजला. उद्याचा एक पाहुणा गळाला होता.

‘मामा, तू येतोस? राज्यशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक चालेल आम्हाला.’

‘विषय काय?’

‘तो दुपारी ठरेल. तू कुठल्या बाजूनं बोलणार, ते आत्ता सांग.’