शिकवणाऱ्यांची शाळा : जामखेडचा आरोग्यविचार

वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास बहुधा महाविद्यालये, पदव्या आणि नामवंत अध्यापक यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु शिकवण्याचा अधिकार कोणाला आणि शिकवत राहण्याचे बळ कोठून मिळते, हे प्रश्न विचारले, तर जामखेडचा अनुभव टाळून पुढे जाता येत नाही.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून परतल्यावर, १९७० साली महाराष्ट्रातील जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित परिचारिकांनी गावात राहून लोकांना आरोग्याचे धडे द्यावेत, ही सुरुवातीची कल्पना रूढ वाटेनेच जाणारी होती. पण परिचारिकेला परक्या गावात एकटीने राहणे अवघड जाई आणि गावातल्या बायाही तिच्याशी मोकळेपणाने बोलत नसत. म्हणून गावानेच निवडलेल्या, तेथेच नांदणाऱ्या स्त्रीवर हे काम सोपवावे, असा विचार पुढे आला आणि ग्राम आरोग्य सेविका उभी राहिली. या सेविकांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती, तर कित्येक जणी दलित समाजातल्या होत्या.

या विचाराचा खरा कस पुढेच लागला, कारण एकदाच प्रशिक्षण देऊन सेविकेला गावात सोडून देणे जामखेडने पत्करले नाही. सेविका ठरावीक दिवशी नेमाने जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करत, आपापल्या गावची हकीकत आणि अडचणी मांडत, जुना धडा घोकून नवा शिकत. जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, हे येथे शिकलेली बाई घरी परतल्यावर शेजारणीसमोर तेच पाणी करून दाखवी. जातिभेदाच्या भिंती ओलांडून झालेली ही बैठक म्हणजे शिकवणाऱ्यांचा आधार होता. गावाने हिणवले तरी सेविका खचली नाही, ती त्यामुळेच.

प्राथमिक आरोग्यसेवा, म्हणजे लोकांच्या सहभागातून त्यांच्या दारी पोहोचणारी मूलभूत सेवा, हे सूत्र १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने जगासमोर ठेवले. त्याआधीच, १९७५ साली, जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवेवरील ग्रंथात जामखेडची नोंद घेतली होती. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे १९९२ साली येथे सामुदायिक आरोग्याच्या प्रशिक्षणाची व संशोधनाची संस्था स्थापन झाली आणि देशोदेशीचे डॉक्टर व विद्यार्थी ज्यांच्याकडून शिकू लागले, त्यांत या अनुभवी सेविकाही होत्या. ज्ञान वरून खाली झिरपते, या समजुतीला येथे छेद गेला.

२००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्ती गावोगाव पोहोचली, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु तिच्याकडून केवळ नोंदवह्या आणि अहवाल मागितले आणि तिच्या शंका ऐकणारी, तिला धीर देणारी नियमित बैठक दिली नाही, तर जामखेडचा अर्धाच धडा घेतल्यासारखे होईल. शिकवणाऱ्याला शिकवणे हे आरोग्यव्यवस्थेचे नित्याचे काम मानले जावे, त्यासाठी वेळ आणि पैसा राखून ठेवावा, हीच जामखेडची शिकवण आहे आणि ती आज अमलात आणली पाहिजे.