एकच, पण कोणतं?

"9 ला 3 आणि −3 अशी दोन उत्तरं येतात, म्हणून क्ष = य² यात य हे क्ष चं फल नाही," भाचीनं वही मिटली. "उभी रेषा आलेखाला दोनदा छेदते. बाद."

"आणि आलेखच काढता येत नसेल तर?" मामानं विचारलं. "1829 मध्ये डिरिक्लेनं असं एक फल मांडलं. परिमेय संख्येला एक किंमत, अपरिमेयला दुसरी. आपण 1 आणि 0 धरू."

"सोपं आहे. संख्या एक तर परिमेय, नाही तर अपरिमेय. प्रत्येकीला एकच उत्तर. फल आहे."

"मग ऑयलरचा गॅमा घे. 1 + 1/2 + 1/3 असं 1/न पर्यंत मिळवायचं, त्यातून न चा नैसर्गिक लॉगॅरिदम वजा करायचा. न वाढत गेला की उत्तर 0.5772 च्या जवळ स्थिरावतं. त्याला 1 की 0?"

"तो परिमेय आहे का?"

"आहे किंवा नाही, यातलं काहीच अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही."

ती चिडली. "मग फल आहे असं मी कशाच्या जोरावर म्हटलं?"

"व्याख्येच्या. उत्तर एकच असावं एवढंच ती मागते. ते तुला ठाऊक असावं, असं नाही."

(मामा थोडी वकिली करतोय, पण बहुतेक गणिती त्याच्याच बाजूनं उभे राहतील.)

"पण 'एक तर हे, नाही तर ते' हे मी गृहीतच धरलं ना?"

"नेमका तोच नियम ब्राउवर या डच गणितज्ञाला 1908 मध्ये खटकला. अनंताच्या बाबतीत तो डोळे झाकून वापरू नका, म्हणाला. त्याच्या लेखी किंमत काढायची रीत नसेल तर फलही नाही. त्याच्या गणितात 0 ते 1 मधल्या सगळ्या वास्तव संख्यांवरचं प्रत्येक फल संतत असतं. डिरिक्लेचं तर कुठंच संतत नाही."

"म्हणजे बाद?"

"त्याच्याकडे बाद. तुझ्या पेपरात पूर्ण गुण."

"हे काय उत्तर झालं! तू कोणाच्या बाजूचा?"

"डिरिक्लेच्या. मध्येच उडी घेणारी साधी फलंसुद्धा ब्राउवरकडे अडतात. एवढं सोडून द्यायची माझी तयारी नाही."

ती वहीवर पेन आपटत राहिली. "प्रांतच बदलू. फक्त परिमेय संख्या घ्यायच्या. सगळ्यांना 1, भांडणच मिटलं."

"ब्राउवरही मान्य करेल. आणि गॅमा?"

"तो प्रांतात..." ती अडखळली. "येतो की नाही, तेच कुठं माहीत आहे!"